वर्मला सुई टोचताना: पॅडपासून चिपपर्यंत

दर जूनमध्ये एमएस्सीची दोन-तीन मुलं प्रोजेक्टसाठी आमच्या लॅबमध्ये येतात. पहिल्याच आठवड्यात त्यांच्यातलं कुणीतरी मायक्रोस्कोपशेजारची पारदर्शक, रबरी वडी उचलून विचारतं, “ताई, ही चिप कधी वापरायला मिळणार?” माझं उत्तर ठरलेलं आहे: पॅडवर, म्हणजे काचेवरच्या अगरोज जेलीच्या वाळवलेल्या थरावर, पन्नास वर्म (मिलिमीटरभर लांबीचे किडे) टोचून झाले की. तोंडं पडतात. पण चिप किडा फक्त धरून ठेवते. सुई कुठे घालायची, किती आत न्यायची, कधी थांबायचं, यातलं ती काहीच सांगत नाही. ते डोळ्याला आणि हाताला आधी कळावं लागतं, आणि ते पॅडवर कळतं.

कुणाला टोचायचं आणि कशासाठी

सीनोरॅब्डायटिस एलेगन्स हा मातीत राहणारा सूत्रकृमी. लॅबमध्ये सगळे त्याला नुसतं ‘वर्म’ म्हणतात. पूर्ण वाढ झालेला साधारण १ मिलिमीटर लांब, म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या पाचव्या-सहाव्या भागाएवढा. सिडनी ब्रेनर यांनी १९७४ मध्ये त्याच्या जनुकशास्त्रावरचा शोधनिबंध छापला आणि तेव्हापासून हा किडा जगभरच्या लॅबमध्ये घर करून आहे. अंड्यापासून अंडी घालण्यापर्यंतचा प्रवास तीन-चार दिवसांचा. बहुतेक वर्म उभयलिंगी असतात, त्यामुळे एकटा किडाही सुमारे ३०० पिल्लं देतो. वर अंग काचेसारखं आरपार दिसतं. पूर्ण जीनोम वाचला गेलेला पहिला बहुपेशीय प्राणीही हाच, साल १९९८.

त्याच्या पुढच्या पिढीत नवा डीएनए आणायचा तर तो थेट गोनॅडमध्ये, म्हणजे जननग्रंथीत सोडावा लागतो. गोनॅडच्या दोन भुजा असतात आणि प्रत्येक भुजा केसांच्या पिनेसारखी मागे वळलेली असते. भुजेच्या टोकाकडच्या भागात पेशींच्या भिंती पूर्ण बंद नसतात. गिरगावातली जुनी चाळ डोळ्यासमोर आणा: खोल्या चारी कडांनी, मधलं अंगण सगळ्यांचं. पेशींची केंद्रकं कडेच्या खोल्यांमध्ये आणि मधला द्रव सामाईक. त्या अंगणात डीएनए सोडला की तो पुढे तयार होणाऱ्या कितीतरी अंड्यांपर्यंत पोचतो. क्रेग मेलो आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ही पद्धत नीट बसवून दिली आणि आज आपण मुळात तेच करतो. २०१३ मध्ये वर्ममध्ये क्रिस्पर, म्हणजे डीएनएत हव्या त्या जागी बदल करायचं तंत्र, आलं तेव्हापासून टोचायच्या किड्यांची संख्या मात्र खूप वाढली आहे.

सुरुवात करण्याआधी एक कागदी काम उरकून घ्या. जनुकबदल केलेला कोणताही जीव बनवायचा असेल तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी लागते. १९८९ च्या नियमांनुसार असं काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेत ही समिती असावी लागते. गाईडनी अर्ज केलाय ना, एवढं विचारायला लाजू नका.

वर्म तयार ठेवणं

खोलीच्या तापमानावर मुंबईत वर्म वाढवू नका. १५ ते २५ अंश ही त्यांची सोयीची मर्यादा आणि आपल्याकडे मे महिन्यात बाकावर ठेवलेली प्लेट सहज ३० च्या वर जाते. तिथे वर्म जगतात, पण पिल्लं द्यायचं थांबतात. दोष मग बिचाऱ्या इंजेक्शनला दिला जातो. २० अंशांचा इन्क्युबेटर, अगारची प्लेट, त्यावर त्यांचं खाणं म्हणून ओपी-५० या ई. कोलाय जिवाणूंचा पातळ थर, आणि प्लेट कधीही उपाशी पडू द्यायची नाही. पाणी तुंबून लोकल बंद पडल्या आणि दोन दिवस लॅबला येता आलं नाही, तर वर्म मरत नाहीत. नवी पिल्लं ‘डाउअर’ नावाच्या अवस्थेत जातात आणि महिनोन्‌महिने तग धरतात. पण अशा प्लेटवरचे किडे लगेच टोचायला घेऊ नका. दोन पिढ्या पोटभर खाऊ द्या.

इंजेक्शनच्या आदल्या संध्याकाळी प्लॅटिनमच्या तारेच्या ‘पिक’ने एल-फोर, म्हणजे प्रौढ होण्याआधीच्या शेवटच्या अवस्थेतले वर्म वेगळे करा. ओळखायची खूण सोपी आहे: पोटाच्या मध्यावर एक फिकट चंद्रकोर दिसते. सकाळी त्यांचे तरुण प्रौढ झालेले असतात आणि पोटात अंडी एका ओळीत, मोजकीच दिसतात. आपल्याला हेच हवेत. अंडी दाटीवाटीनं भरलेला किडा घेतला तर गोनॅड चेपलेलं असतं आणि सुई काढताना आतलं सगळं बाहेर येतं.

सुई आणि तिच्यातलं मिश्रण

आत बारीक काचतंतू असलेली बोरोसिलिकेटची नळी पुलर मशीनवर ओढायची. त्या तंतूमुळे मागच्या बाजूनं भरलेला द्रव आपोआप टोकापर्यंत जातो. डीएनएचं मिश्रण भरण्याआधी पूर्ण वेगात दहा-पंधरा मिनिटं सेंट्रिफ्यूज करा आणि वरचंच घ्या, तळाला टोक लावू नका. सुई तुंबण्याचं मला सापडलेलं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, आणि प्रत्येक नवा माणूस ही पायरी एकदा तरी गाळतोच.

प्लास्मिड (डीएनएचं छोटं वर्तुळ) टोचत असाल तर एकूण डीएनए साधारण १०० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर ठेवायची पद्धत आहे. त्यात एक खुणेचं प्लास्मिड हवं. गळ्याच्या स्नायूत लाल चमकणारं मायो-२ चं प्लास्मिड फार जपून, २.५ नॅनोग्रॅमच्या आसपास घाला. जास्त झालं तर पिल्लांना सोसत नाही. फ्लुरोसन्सचा मायक्रोस्कोप हाताशी नसेल तर जुनं रोल-६ घ्या. ते गेलेला वर्म सरळ न जाता गोल गोल गिरक्या घेत फिरतो आणि साध्या डिसेक्टिंग मायक्रोस्कोपखालीही लगेच ओळखू येतो. क्रिस्परसाठी डीएनए कापणारं कॅस-९ प्रथिन, त्याला जागा दाखवणारा गाइड आरएनए आणि दुरुस्तीचा डीएनए एकत्र करून तेच मिश्रण सुईत भरतात.

ओढलेल्या सुईचं टोक बहुधा बंदच असतं. तेलात बुडवलेल्या काचेच्या कडेला ते हलकेच घासायचं, दाबाचं पेडल दाबायचं आणि टोकाशी थेंब येतो का ते पाहायचं. बारीक बुडबुड्यासारखे थेंब एकामागोमाग आले तर ठीक. भसकन मोठा थेंब आला तर टोक जास्त तुटलंय. वाईट वाटून न घेता दुसरी सुई घ्या.

पॅडवरचे पन्नास

२ टक्के अगरोजचा थेंब लांब कव्हरस्लिपवर टाकून वरून दुसरी कव्हरस्लिप दाबायची, मग हलकेच सरकवून वेगळी करायची आणि पातळ थर वाळवायचा. त्यावर हॅलोकार्बन तेलाचा ठिपका, तेलात वर्म. कोरडा पॅड किड्याच्या अंगातलं पाणी ओढून घेतो, म्हणून तो चिकटून बसतो. त्याच कारणानं तो सुकायलाही लागतो. तुमच्या हातात दोन-चार मिनिटं असतात. त्यात दोन्ही भुजा टोचून, वर एम-नाइन या खारट द्रावणाचा थेंब टाकून त्याला सोडवायचं. नव्या माणसाचा हात इथेच थरथरतो.

आणि मुंबईत जुलै आहे. माझ्या पहिल्या पावसाळ्यात सलग तीन दिवस एकही वर्म पॅडवर चिकटेना. तेलात टाकला की तो आरामात वळवळत निघून जायचा. मी पिकला दोष दिला, तेलाला दिला, किड्यांच्या वयाला दिला. ऑटोक्लेव्हवर बसणारे आमचे काका दोन दिवस हा तमाशा बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “ताई, घरी पापड मऊ पडले की काय करतो आपण? डब्यात ठेवतो ना?” पॅड हवेतली ओल पिऊन बसले होते. तेव्हापासून आमचे पॅड सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात असतात, वापरण्याआधी थोडा वेळ ओव्हनमध्ये जातात आणि इंजेक्शनच्या खोलीतला एसी पावसाळाभर ‘ड्राय’वर असतो.

पन्नास किडे टोचताना शिकायचं ते एवढंच. गोनॅड ओळखणं: मधल्या आतड्यात गडद दाणे असतात, त्याच्या शेजारी स्वच्छ, राखाडी पट्टा दिसतो, त्यात केंद्रकं मधमाश्यांच्या पोळ्यासारखी मांडलेली. पुढची भुजा आतड्याच्या उजव्या अंगाला असते, मागची डाव्या. म्हणून एका कुशीवर एक भुजा छान दिसते आणि दुसरी आतड्यामागे लपते. हे माहीत नसलं की माणूस फोकसचं चाक फिरवत बसतो.

सुई टेकवली की कातडी आधी खड्डा पडून आत जाते, लगेच फुटत नाही. गोनॅडचा मध्य आणि सुईचं टोक एकाच वेळी स्पष्ट दिसायला हवं. टोक धूसर असेल तर तुम्ही वर किंवा खाली आहात आणि डीएनए आतड्यात किंवा अंगाच्या पोकळीत जाणार. मग मायक्रोमॅनिप्युलेटरवर एक हलकी टिचकी, सुई आत, पेडल. बरोबर जागी असाल तर द्रवाची लाट भुजेतून सरकत वळणाकडे जाताना दिसते. ही लाट एकदा पाहिली की विसरायला होत नाही. ती दिसेपर्यंत चिपचं नाव काढू नका.

आता चिप

चिप म्हणजे पीडीएमएस या पारदर्शक सिलिकॉन रबरात कोरलेल्या केसाएवढ्या वाटा, खाली काच. वर्म पाण्यातच राहतो, सुकत नाही. चिपचा खरा फायदा हाच: घड्याळाची धास्ती जाते.

मात्र वर्म धरणाऱ्या सगळ्याच चिपा टोचायला चालत नाहीत. २००७ मध्ये निमुळत्या वाटांची एक चिप प्रसिद्ध झाली. तिच्यात १२८ वाटा शेजारी शेजारी होत्या आणि प्रत्येकीत एक किडा पाचरीसारखा अडकायचा. २०११ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी साधी पडद्याची चिप दाखवली: वरच्या कप्प्यात हवेचा दाब दिला की पातळ रबरी पडदा खाली फुगतो आणि किडा काचेवर अलगद दाबला जातो. त्या गटातल्या संध्या कौशिका आता कुलाब्याला टीआयएफआर या टाटांच्या मूलभूत संशोधन संस्थेत आहेत आणि त्यांच्या लॅबमध्ये वर्मच्या चेतापेशींतली मालवाहतूक बघतात. जिवंत किड्याचे फोटो काढायला या दोन्ही रचना उत्तम आहेत. पण दोन्ही चारी बाजूंनी बंद आहेत. सुई आत कुठून घालणार? टोचायच्या चिपला खिडकी लागते.

आमच्या चिपमध्ये मुख्य वाट आहे, तरुण प्रौढाच्या जाडीला साजेशी, ५० ते ६० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). वाटेच्या एका भिंतीत बारीक चोषण-फटी आहेत, २० मायक्रॉन रुंद. वर्म त्यांत शिरू शकत नाही, पण पाणी ओढलं की तो भिंतीला चिकटतो. समोरच्या भिंतीत खिडकी, जी चिपच्या कडेला बाहेर उघडते. सुई खिडकीतून येते आणि मागची भिंत आधार देते, म्हणून टोचताना किडा मागे सरकत नाही. चोषणासाठी पंप घ्यायची गरज नाही. पाण्यानं भरलेली सिरिंज चिपच्या पातळीखाली वीस-तीस सेंटिमीटरवर टांगली की पुरतं. कमी-जास्त करायचं तर सिरिंज वर-खाली करा.

पहिल्या आराखड्यात आम्ही खिडकीची उंचीही ६० मायक्रॉनच ठेवली होती. सुईचं टोक एका मायक्रॉनचं असतं हे खरं, पण थोडं मागे तिचं पोट सुटत जातं. टोक वर्मपर्यंत पोचायच्या आत पोट छताला टेकलं आणि कट्‌ असा आवाज न होताच सुई मोडली. चार सुया गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला. खिडकी वाटेपेक्षा बरीच उंच हवी, म्हणजे साचा दोन थरांचा. चिपच्या कडेपासून वर्मपर्यंतचं अंतर शक्य तितकं कमी हवं. आणि सुई लांब निमुळती ओढलेली, जवळजवळ आडवी धरलेली.

साचा आणि चिप ओतणं

सिलिकॉनच्या चकतीवर एसयू-८ या प्रकाशसंवेदी रेझिनचा साचा बनवावा लागतो. त्याला क्लीनरूम लागते. ती नसेल तर आयआयटी मुंबईच्या नॅनोफॅब्रिकेशन सुविधेत इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्राममधून बाहेरच्या संशोधकांना काम करता येतं. अर्ज वेळेत करा, तेवढंच. वर्मच्या वाटा जाड असतात, त्यामुळे महागडा क्रोम मास्क लागत नाही, चांगल्या प्रतीचा प्लॅस्टिक फिल्मवर छापलेला मास्क चालतो. एक साचा नीट जपला तर कितीतरी चिपा देतो. रबर चिकटू नये म्हणून त्यावर सिलेनची वाफ देताना फ्यूमहूड सोडू नका.

ओतण्याचं काम आपल्या लॅबमध्ये होतं. सिलगार्ड १८४ चे दोन भाग १०:१ या वजनात मिसळा, चांगलं घोटा, डेसिकेटरमध्ये व्हॅक्यूम लावून बुडबुडे जाईपर्यंत ठेवा. साच्यावर ओता, ६५ अंशांना काही तास भाजा. आणि लेटेक्सचे हातमोजे घालू नका. मी घातले होते. वडी मधे छान जमली आणि जिथे जिथे बोटं लागली होती तिथे आठवडाभर गुळाच्या काकवीसारखी चिकट राहिली. लेटेक्समधलं गंधक पीडीएमएसच्या प्लॅटिनम उत्प्रेरकाला निकामी करतं. नायट्राइलचे घाला.

भोकं पाडायला त्वचेच्या बायॉप्सीचा १ मिलिमीटरचा पंच लागतो, तो सर्जिकल सामानाच्या दुकानात मिळतो. बारीक नळ्या, सिरिंज, सिलिका जेल यांच्यासाठी प्रिन्सेस स्ट्रीटला एक चक्कर मारा, दोन दुकानांत भाव विचारा. भोकं पाडल्यावर वडी चिकटपट्टीनं स्वच्छ करा, ऑक्सिजन प्लाझ्मा द्या आणि लगेच काचेवर टेकवा. प्लाझ्माचा असर मिनिटांत उतरतो. फोन वाजला तर वाजू द्या.

चिपवर टोचणं

चिपचे दोन शत्रू: बुडबुडे आणि कचरा. पीडीएमएसमधून हवा आरपार जाते, याचा फायदा घ्या. वापरण्याआधी चिप अर्धा तास व्हॅक्यूममध्ये ठेवा, मग पाणी सोडा. कोपऱ्यातली हवा रबर स्वतःच शोषून घेतं. एम-नाइन ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा आणि त्यात ट्वीन हे साबणासारखं द्रव अगदी नावापुरतं टाका, नाहीतर वर्म नळीच्या आतल्या भिंतीला चिकटून बसतात. किडे तीनदा धुवा. अंगाला चिकटलेला बॅक्टेरियाचा एक गोळा चोषण-फटी बुजवायला पुरेसा असतो.

एका वेळी दहा-बारा वर्मच भरा. वाटेत एक आला की प्रवाह थांबवा, चोषण चालू करा. डोकं पुढे की शेपूट पुढे, याला महत्त्व नाही. गोनॅडचा सरळ भाग पाठीच्या बाजूला असतो, तो खिडकीकडे आलाय का, हे महत्त्वाचं. आला नसेल तर चोषण सोडा, प्रवाहाला हलकासा पुढे-मागे झोका द्या, किडा स्वतःच कूस बदलतो. दोन-तीन झोक्यांत जमलं नाही तर त्याला जाऊ द्या, पुढचा घ्या. खिडकीच्या तोंडाशी हॅलोकार्बन तेलाचा थेंब ठेवा, म्हणजे पाणी उडत नाही.

बाकी सगळं पॅडवर शिकलात तेच: फोकस, खड्डा, टिचकी, लाट. फरक एवढाच की इथे सुई चुकली तर मागे घेऊन श्वास घेता येतो. झालं की चोषण बंद, मागून एम-नाइन, आणि किडा बाहेरच्या नळीतून थेट प्लेटवर.

माझं मत विचाराल तर एका स्ट्रेनसाठी, म्हणजे एका नव्या वंशासाठी, वीस-तीस वर्म टोचायचे असतील आणि हात बसलेला असेल तर पॅडच बरा. चिप लावून, हवा काढून, किडे धुऊन होईपर्यंत पॅडवाला चहा पिऊन आलेला असतो. चिपची मजा आहे ती आठवडेच्या आठवडे रोज टोचणाऱ्याला, किंवा पॅडवर दोन मिनिटांत ज्याचं होत नाही त्याला. ऑगस्टमध्ये मात्र मीही चिपच घेते.

टोचल्यानंतर

प्रत्येक टोचलेला किडा एकेका प्लेटवर ठेवा. पहिल्या दिवशी थोडे मरतील. तीन-चार दिवसांनी पिल्लांत लाल गळा किंवा गिरक्या शोधा आणि सापडलेल्यांना पुन्हा एकेकटं करा. पहिल्या पिढीत दिसलेली चमक पुढे टिकेलच असं नाही. प्लास्मिडचे तुकडे बहुधा गुणसूत्रात बसत नाहीत, बाहेरच साखळी करून राहतात आणि काही पिल्लांकडेच जातात. दुसऱ्या पिढीतही चमकणारे सापडले तरच ती तुमची ओळ, म्हणजे टिकणारा वंश. क्रिस्परचा बदल गुणसूत्रात असतो, तिथे मात्र पीसीआर आणि सिक्वेन्सिंग करून खात्री करा, नुसत्या दिसण्यावर जाऊ नका.

ओळ पक्की झाली की त्याच आठवड्यात गोठवा. नुकतीच उपाशी पडलेली, पहिल्या-दुसऱ्या अवस्थेतली पिल्लं ग्लिसरॉलमध्ये घेऊन उणे ८० अंशांना. महिन्याभरानं एक व्हायल काढून जिवंत होतात का ते पाहा. आणि प्लेटवर नाव लिहाल ते झाकणावर नाही, तळावर. झाकणं बदलली जातात.